राजधानी विचारताना साल पण सांगा की ओ! सामान्य ज्ञान स्पर्धा समितीला खुलं पत्र

सामान्य ज्ञान स्पर्धा समितीतल्या सगळ्या भावांना आणि ताईंना नमस्कार,

मी तुमच्याच भागात राहतोय. तुमच्यातले निम्मे जण मला तोंडावरनं ओळखतात, स्टँडजवळ पांढरी गाडी घेऊन उभा असतो आणि पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी अशी भाडी मारतो तो मी. स्पर्धा भरवणाऱ्या तुमच्या तालमीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला कुणाची बदनामी करायची नाही, वर्गणी तर मी पुढच्या वर्षी पण देणारच आहे. पण अशा स्पर्धा आता गल्लोगल्ली व्हायला लागल्यात आणि प्रश्न सगळीकडं फिरून फिरून तेच असतात, म्हणून घरी येऊन बोलण्यापेक्षा सगळ्यांनी वाचावं असं उघड लिहितोय. घरी येऊन बोलून पण झालंय तसं, त्याचं पुढं सांगतो.

शिवजयंतीला तुम्ही शाळेच्या पोरांसाठी स्पर्धा ठेवता हे चांगलं काम आहे, हे आधी कबूल. डॉल्बीवर पैसे उडवण्यापेक्षा कितीतरी चांगलं. माझी पोरगी आठवीला आहे. गेल्या वर्षी तिसरी आलती, ती ढाल अजून टीव्हीच्या वर ठेवलीय आणि पाहुणा आला की त्याला दाखवल्याशिवाय चहा मिळत नाही. ह्या वर्षी तिला 50 पैकी 46 पडले आणि पहिल्या नंबराला 48. चार गेले त्यातला एक शास्त्राचा, तो खरंच चुकलाय, तिनं स्वतःच सांगितलं. राहिलेले तिन्ही राजधानीवरचे.

आता तुम्ही म्हणाल की काकांना पोरीचा पहिला नंबर पाहिजे. तीन मिळवले तर 49 होतात, एवढी बेरीज मला पण येतीय. म्हणून आत्ताच सांगून टाकतो, नंबर बदलू नका. ज्या पोराला पहिली ढाल दिलीय त्यानं पण अभ्यास केलाय, त्याच्या घरातनं ढाल परत आणायची म्हणजे लहान पोराच्या हातातनं जिलेबी काढून घेतल्यासारखं होईल. मला दुसरं पाहिजे, ते खाली आहे.

उत्तरपत्रिका तुम्ही बघायला दिली त्याबद्दल आभार. बारावा प्रश्न: मराठा साम्राज्याची राजधानी कोणती? समोर एक छोटी रेघ, त्या रेघेवर जास्तीत जास्त दोन शब्द बसतील. पोरीनं तिथं बारीक अक्षरात, ओळ संपली तर समासात वळवून लिहिलंय, "कोणत्या साली? आधी राजगड, मग रायगड, मग जिंजी, मग सातारा आणि पन्हाळा." त्यावर लाल पेनानं फुली, आणि फुलीच्या शेजारी लिहिलंय "एकच लिहा". सत्तावीसावा: इंग्रजांच्या काळात भारताची राजधानी? तिचं उत्तर, "1911 पर्यंत कलकत्ता, नंतर दिल्ली." फुली. तेहतिसावा: कोल्हापूर संस्थानाची राजधानी? "आधी पन्हाळा, मग कोल्हापूर." फुली, आणि ही फुली एवढी जोरात मारलीय की कागद मागनं उमटलाय.

तिसऱ्या फुलीवर मी तुमच्याकडं आलो. तुम्ही खुर्ची दिली, पाणी दिलं, कुणी उर्मटपणा केला नाही हे पण लिहितो. पण एक जण म्हणाला, काका उत्तरसूचीत आहे तेच बरोबर. दुसरा म्हणाला, परीक्षकांचा निर्णय अंतिम आहे असं पत्रकावर छापलंय की. आणि तिसरा, तो चांगला शिकलेला पोरगा आहे, मला हसत म्हणाला, "काका, जिंजी तमिळनाडूत आहे, मराठ्यांची राजधानी तिकडं कशी असंल?"

त्या वाक्यामुळं मला दोन रात्री झोप नाही आली बघा. फुलीचं एवढं वाटलं नव्हतं.

आधी जिंजीचंच बोलूया. 1689 च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. तेवढ्यात रायगडावर राजाराम महाराजांना गादीवर बसवलं होतं, आणि मोगलांनी गडाला वेढा द्यायला घेतला. राजा गडावर सापडला तर सगळंच संपलं, म्हणून राजाराम महाराज एप्रिलमध्ये रायगडावरनं बाहेर पडले, प्रतापगड करून पन्हाळ्यावर आले, आणि तिथनं वेष बदलून, मोजकी माणसं घेऊन दक्षिणेला निघाले. म्हणजे जिंजीचा रस्ता आपल्या पन्हाळ्यावरनं गेलाय! वाटेत केळदीच्या चन्नम्मा राणीनं आसरा दिला, त्याबद्दल औरंगजेबानं तिच्यावर पण फौज पाठवली. नोव्हेंबरात महाराज जिंजीला पोचले आणि त्याच महिन्यात इकडं रायगड पडला, येसूबाई आणि छोटे शाहू कैदेत गेले. आता मला सांगा, त्या दिवशी राजधानी कुठं होती? रायगडावर, जिथं झुल्फिकार खान बसला होता तिथं? का जिंजीला, जिथं छत्रपती होते, दरबार भरत होता, नेमणुका निघत होत्या? प्रतिनिधी हे पद तिथंच तयार झालं, प्रल्हाद निराजी पहिले प्रतिनिधी. इकडं महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य कारभार बघत होते, संताजी-धनाजी मोगलांना पळता भुई थोडी करत होते, आणि तिकडं जिंजीला 1690 पासून वेढा पडला होता तो 1698 पर्यंत चालला. आठ वर्षं! किल्ला हातातनं जायच्या आधी महाराज निसटले आणि परत आले. आणि ही जिंजी काय अचानक सापडलेली जागा नव्हती, 1677 ला शिवाजी महाराजांनीच ती कर्नाटकाच्या मोहिमेत घेतली होती. बापानं घेऊन ठेवलेली जागा लेकाच्या अडचणीला उपयोगी पडली.

आणि गंमत बघा. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं 12 किल्ले जागतिक वारशात घेतले तेव्हा आपल्याच चौकात तुम्ही केवढा मोठा फ्लेक्स लावला होता. पन्हाळा यादीत आला म्हणून पेढे वाटले, मी पण खाल्ला एक. त्या फ्लेक्सवर बाराही नावं होती. माझ्या मोबाईलमध्ये फोटो आहे, पोरगीच त्याच्यासमोर उभी आहे म्हणून काढला होता. त्यात सगळ्यात खाली बाराव्या नंबरला काय लिहिलंय? जिंजी, तमिळनाडू. म्हणजे फ्लेक्सवर चालती आणि उत्तरपत्रिकेत चालत नाही. अकरा किल्ले महाराष्ट्रातले आणि एकच बाहेरचा, तो एक तिथं का आलाय हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही होय?

आता मी लई शहाणा आहे असं समजू नका. मी स्वतः सात-आठ वर्षं पार्टीला पन्हाळ्यावर नेऊन वाट्टेल ते सांगत होतो. अंबारखान्यासमोर गाडी लावायची, हे धान्याचं कोठार, गंगा यमुना सरस्वती अशी तीन कोठारांची नावं, एवढं पाठ. पुढं तीन दरवाजा, सज्जा कोठी, आणि मग झुणका-भाकरीची गाडी, की झालं पन्हाळा दर्शन. पार्टीनं विचारलं ही राजधानी होती का, तर ठोकून द्यायचं, हो हो, शिवाजी महाराजांची राजधानी. एकदा साताऱ्याकडच्या एक रिटायर बाई बसल्या होत्या, इतिहास शिकवायच्या. त्या काही बोलल्या नाहीत, सगळं ऐकून घेतलं, आणि उतरताना वाघबीळच्या वळणावर चहाला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "दादा, राजधानी होती, पण तुम्ही सांगितली त्यांची नव्हे." आणि मग चहा गार होईपर्यंत ताराराणींचं, म्हणजे राजाराम महाराजांच्या राणी ताराबाईंचं सांगितलं. पोरगी तेव्हा चौथीला, सुट्टी होती म्हणून पुढच्या सीटवर मांडीवर पाटी-दप्तरासारखी वेफर्सची पुडी घेऊन बसली होती. मी विसरलो असतो, ती विसरली नाही. तिथनं तिला हा नाद लागलाय. माझ्या चुकीतनं ती शिकली आणि बरोबर लिहिलं तर फुली पडली, म्हणून मला जास्त लागलंय.

तर ताराराणींचं. राजाराम महाराज 1700 च्या मार्चमध्ये सिंहगडावर वारले. त्याच्या आधी सातारा राजधानी झाली होती, ती पण पुढच्याच महिन्यात औरंगजेबानं घेतली. नंतर मराठ्यांनी परत घेतली ते वेगळं. सात वर्षं ताराबाईंनी राज्य हलतं ठेवलं. 1707 ला औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले, खेडची लढाई झाली, सातारा शाहूंकडं गेला आणि 1708 ला तिथं त्यांचा राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्यावर आल्या आणि 1710 ला आपल्या मुलाच्या नावानं इथं वेगळी गादी उभी केली. पुढं घरातच उलथापालथ झाली, दुसरे संभाजी गादीवर आले, आणि 1731 ला वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्यं कागदावर पक्की झाली. ह्या सगळ्या काळात कोल्हापूरच्या गादीची राजधानी पन्हाळा! खाली शहरात कायमची आली ती अठराव्या शतकाच्या शेवटाकडं. म्हणजे सत्तर वर्षांच्या वर पन्हाळा राजधानी होती आणि कोल्हापूरच्या तालमीच्या स्पर्धेत, कोल्हापूरच्या पोरीनं, "आधी पन्हाळा" लिहिलं म्हणून मार्क कापलाय. हे पुण्यात झालं असतं तर मी सोडून दिलं असतं.

त्याच्या पण आधी, शिलाहारांचा दुसरा भोज राजा पन्हाळ्यावरनंच राज्य करत होता, ते बाराव्या शतकातलं. तिकडं जात नाही, नाहीतर पत्र संपायचं नाही.

बाराव्या प्रश्नाची तुमची उत्तरसूची रायगड म्हणती. रायगडाबद्दल माझं काय भांडण असणार, 6 जून 1674 ला तिथं राज्याभिषेक झाला, आम्ही पण दर वर्षी जातो. पण राजगडाचं काय केलं तुम्ही? पंचवीसेक वर्षं महाराजांचा कारभार राजगडावरनं चालला. आग्र्याला निघाले ते राजगडावरनं, आग्र्यातनं सुटून परत आले ते राजगडावर. रायगडावर राजधानी म्हणून महाराजांची वर्षं राजगडापेक्षा कमी भरतात. मग साताऱ्यात छत्रपती आणि कारभार मात्र पुण्यात, पेशव्यांकडं, असं पण पन्नास-साठ वर्षं चाललं. दिल्लीचा वकील आला तर पुण्यात जाणार आणि पेशवाईची वस्त्रं आणायची तर साताऱ्याला जाणार. मग मराठा साम्राज्याची राजधानी म्हणून 1770 साली काय लिहायचं? मला पण एका शब्दात नाही लिहिता येत. तुम्हाला येत असेल तर सांगा.

ह्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1701 ला इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस मोगल बादशहाला भेटायला आला, व्यापाराची फर्मानं पाहिजे होती. बादशहा कुठं भेटला असंल? दिल्लीत? आग्र्यात? बादशहा पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता, तिथं तंबूत दरबार भरला, तिथं नॉरिस गेला. म्हणजे मोगलांची सगळी सत्ता, खजिना, मुन्शी, हत्ती-घोडे, बाजार सगळं आपल्या पन्हाळ्याच्या पायथ्याला मुक्कामाला. दिल्लीचा किल्ला तिकडं होता तिथंच होता पण तिथं विचारणारं कोण होतं? औरंगजेबानं शेवटची पंचवीस वर्षं दक्षिणेत तंबूत काढली आणि मेला तो नगरला. हे पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे पप्पा, राजधानीला चाकं असतात." आता ड्रायव्हरची पोरगी आहे, तिला चाकंच सुचणार.

दिल्लीवाल्या प्रश्नाचं थोडक्यात सांगतो. अकबर आग्र्यात होता, मग 1571 पासून फत्तेपूर सिक्री बांधून तिकडं गेला, चौदा वर्षांत ती सोडली आणि लाहोरला गेला, परत आग्र्याला आला. शहाजहाननं 1648 ला दिल्ली केली. इंग्रजांनी 1772 च्या सुमाराला बंगालचा कारभार मुर्शिदाबादहून कलकत्त्याला नेला आणि पुढं तीच त्यांच्या हिंदुस्थानची राजधानी झाली. 1864 पासून उन्हाळ्यात सगळं सरकार सिमल्याला, कारकून, फायली, पेट्या सगळं डोंगरावर चढवायचं आणि थंडी पडली की उतरवायचं, वर्षातले निम्म्याच्या आसपास महिने देश तिथनं चालायचा. 12 डिसेंबर 1911 ला दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जनं सांगितलं की राजधानी दिल्लीला नेतोय. बंगालची फाळणी, कलकत्त्यातली आंदोलनं, जागा देशाच्या एका कोपऱ्यात, अशी कारणं होती. पण नवी दिल्ली काय दुसऱ्या दिवशी उगवली नाही, मध्ये पहिलं महायुद्ध आलं, लुट्येन्स आणि बेकर बांधतच होते, आणि उद्घाटन झालं 13 फेब्रुवारी 1931 ला. वीस वर्षं बांधली आणि सोळा वर्षांत सोडून गेले. घर बांधणाऱ्या माणसाला ह्यातलं दुःख कळेल!

तर इंग्रजांच्या काळात राजधानी कोणती, ह्याला "1911 पर्यंत कलकत्ता, नंतर दिल्ली" हे उत्तर चूक कसं? उलट नुसतं "कोलकाता" हे तुमच्या सूचीतलं उत्तर अर्धं आहे, आणि ते स्पेलिंग पण 2001 नंतरचं.

तुमच्या सराव पुस्तिकेत (वीस रुपये, पावती आहे) एक ओळ आहे, "राजधानी हलवणारा वेडा सुलतान: महंमद तुघलक". आपण पण बोलताना तुघलकी कारभार म्हणतोच. पण वर बघा की, राजधानी कुणी हलवली नाही? राजगडावरनं रायगडावर जाणं वेडेपणा होता काय? तुघलकानं 1327 ला देवगिरीला राजधानी नेली, दौलताबाद नाव दिलं, दक्षिणेवर पकड पाहिजे होती, त्यात अक्कल होती. चुकलं ते असं की दिल्लीतल्या माणसांना जबरदस्तीनं उठवून एवढ्या लांब चालायला लावलं आणि थोड्या वर्षांत परत फिरवलं. हे पोरांना सांगायचं सोडून वेडा म्हणून मोकळं व्हायचं, म्हणजे पोरगं पाठ करतंय पण त्याला कळत काहीच नाही.

आता कुणी म्हणेल, ड्रायव्हरला काय पडलंय एवढं राजधानीचं. पडलंय. माझी आजी मरेपर्यंत "संस्थानात असताना" म्हणायची. तिच्या लेखी सगळं दोन भागात, संस्थानात आणि नंतर. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं, त्या दिवशी आपलं गाव राजधानीचं जिल्ह्याचं झालं. आधी कागद जुन्या राजवाड्याकडं फिरायचा, नंतर मुंबईला. माणसाला पायी जाता येत होतं तिथनं रात्रभराच्या प्रवासावर गेला. ह्याच्यात चूक कुणाची असं नाही म्हणत मी, देश एक व्हायचा तर हे होणारच होतं आणि झालं ते बरंच झालं. पण राजधानी लांब गेली म्हणजे काय होतं हे मला माहीत आहे. माझ्या चुलत्यांची जमिनीची केस मुंबईला हायकोर्टात होती. फायलींची पिशवी, भाकरी, भडंग घेऊन रात्री नऊला गाडी काढायची, कराड, सातारा, पुणे करत पहाटे घाट उतरायचा, कोर्टाच्या दारात दाढी न करता उभं राहायचं, आणि साडेबाराला कळायचं की पुढची तारीख. लगेच माघारी. जाऊन-येऊन साडेसातशे किलोमीटर, कशासाठी तर एका तारखेसाठी. असं किती वेळा केलं ते आता मोजत नाही, चुलते गेले, केस चालूच. 2025 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपण, सहा जिल्ह्यांसाठी, त्या दिवशी चुलतभाऊ रडला होता. म्हणून मला राजधानी हा शब्द रेघेवर भरायचा वाटत नाही.

नागपूरचं बघा. 1956 पर्यंत ते मध्य प्रदेशाची राजधानी होतं, मग इकडं आलं आणि राजधानीपण गेलं, त्याच्या बदल्यात करार झाला म्हणून दर हिवाळ्यात सगळं सरकार गाड्या भरून नागपूरला जातंय. कराचीचं झालं, मध्ये रावळपिंडी, मग इस्लामाबाद. ब्रह्मदेशानं 2005 ला रंगून सोडून नेपिडो गाठलं. ह्या प्रत्येक ठिकाणी माझ्या आजीसारखी "तेव्हा" आणि "नंतर" म्हणणारी माणसं असणारच.

तर तक्रारी एकत्र सांगतो. प्रश्नात साल नाही. बरोबर उत्तर जास्त लिहिलं म्हणून कापलंय. उत्तरसूची कुणी केली आणि कुठल्या पुस्तकावरनं केली ते विचारलं तर कुणी सांगत नाही, मला तर संशय आहे मोबाईलवर आलेल्या कुठल्यातरी पीडीएफमधनं उचललीय, तसं नसेल तर माफी मागतो. आणि सगळ्यात वाईट, शंका विचारायला जागाच ठेवली नाही, "निर्णय अंतिम" छापलं की झालं. कोर्टाच्या निकालावर पण अपील असतंय ओ, आठवीच्या पोरीच्या पेपरवर नाही?

मागण्या अशा:

1. तिन्ही प्रश्नांवर तिला आणि तिच्यासारखं उत्तर लिहिलेल्या प्रत्येक पोराला मार्क द्या. आणखी दोन-तीन पोरांनी पन्हाळा लिहिलं होतं असं ऐकतोय. नंबर आणि ढाली आहेत तिथंच राहू देत, फक्त मार्कांची सुधारलेली यादी तालमीच्या फळ्यावर लावा.

2. पुढच्या वर्षीपासून राजधानीचा प्रश्न सालासकट विचारा. "1680 साली", "1695 साली", "1720 साली कोल्हापूरच्या गादीची". अवघड होईल म्हणू नका, आपली पोरं क्रिकेटचे स्कोर सालासकट सांगतात.

3. सराव पुस्तिकेत राजगड, जिंजी, सातारा, पन्हाळा ही चारी नावं घाला आणि तुघलकाची ओळ नीट करा. छपाईचा खर्च वाढत असेल तर दोन पानांचे पैसे मी देतो, पण छापायच्या आधी इतिहासाच्या एखाद्या शिक्षकांकडनं तपासून घ्या. आपल्याकडं अशा माणसांची कमी नाही.

4. निकालानंतर आठ दिवस हरकत घ्यायला ठेवा आणि हरकत घेणाऱ्या पोराला लेखी उत्तर द्या. पोराला, बापाला नव्हे.

आणि एक मागणी नाही, आमंत्रण आहे. समितीतल्या सहा जणांना कुठल्याही रविवारी पन्हाळ्यावर नेतो. डिझेल माझं, नाक्याचा कर माझा, झुणका-भाकरी तुमची. जिंजीवाल्या भावानं पुढच्या सीटवर बसायचं. अर्थात ती सीट पोरीची आहे, त्यामुळं त्याला आधी तिला विचारावं लागंल.

रागानं लिहिलं असं वाटलं तर तसं काही नाही, रस्त्यात भेटल्यावर नेहमीसारखी हाक मारा.

तुमचाच,
स्टँडवरचा पांढऱ्या गाडीवाला

ता. क. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स माझ्याकडं आहे पण पोरीला मूळ प्रत पाहिजे, फुलीसकट. वहीत चिकटवणार म्हणती. संध्याकाळी सातनंतर कधीपण घ्यायला येतो.